नवचैतन्य सोसायटीचा उद्धार

डेन्मार्कहून समाजसेवेसाठी येणाऱ्या एका बाईंना आपण सहा महिने घरी ठेवून घेणार आहोत, ही बातमी नंदकुमार गुप्ते यांनी आधी ऑफिसात सांगितली, मग सबंध नवचैतन्य सोसायटीत सांगितली, मग मरोळ नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगितली, आणि शेवटी राहून गेलं म्हणून बायकोलाही सांगितली.

"ठेवणार कुठे?" उत्तराने विचारलं.

"बाहेरच्या खोलीत."

"आणि आपण?"

"आपण आत."

"आत गाद्यांची चळत आहे, शिलाईचं मशीन आहे आणि तुमच्या आईंची ट्रंक आहे."

"उत्तरा, ती बाई सातासमुद्रापलीकडून हिंदुस्थानची सेवा करायला येतेय, आणि तू ट्रंक काय घेऊन बसलीस!"

गुप्ते वजनमापे खात्यात हेडक्लार्क होते. दिवसभर दुसऱ्यांची वजनं खरी की खोटी हे तपासण्यात त्यांची हयात गेली होती, पण सोसायटीत त्यांचं स्वतःचं वजन कोणी धरत नसे. मीटिंगमध्ये ते बोलायला उठले की लोक पंखा वाढवायला सांगत. अशात त्यांच्या खात्यातले एक निवृत्त साहेब परदेशी स्वयंसेवकांसाठी घरं शोधत आले आणि म्हणाले, "एखादं सुसंस्कृत मध्यमवर्गीय कुटुंब पाहिजे, गुप्ते." त्यातल्या 'सुसंस्कृत' या शब्दावर गुप्ते जागच्या जागी विरघळले. पुढचं काही त्यांनी ऐकलंच नाही.

बाई आरे कॉलनीपलीकडच्या एका पाड्यावर बालवाडीत काम करणार होत्या. म्हणजे सेवा तिकडे आणि मान इकडे, असा सगळा सोयीचा मामला होता.

बाई यायच्या आधीच सल्ले यायला लागले. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर देवधर यांचे मेव्हणे एकदा जर्मनीला जाऊन आले होते, त्यामुळे युरोप खंडाविषयी अंतिम शब्द देवधरांचा असे.

"गुप्ते, बाकी सगळं ठीक आहे हो. पण संडासाचं काय?"

"काय?"

"त्यांना आपला चालत नाही. त्यांना खुर्चीसारखा लागतो. आमचे मेव्हणे सांगत होते, तिकडे माणसं आत बसून पेपर वाचतात."

गुप्त्यांनी रातोरात निर्णय घेतला. प्लंबर आला, त्याने चांगला चाललेला देशी संडास फोडला आणि तो गावी लग्नाला निघून गेला. तो परत येईपर्यंत गुप्ते पतिपत्नी सोसायटीत ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांच्याकडे पाळीपाळीने जात, आणि जाताना पाहुण्यासारखा चेहरा करून "सहज आलो होतो" म्हणत. प्लंबर परतला, खुर्ची बसली, आणि खालच्या मजल्यावरून रुक्मिणी परब वर आली.

रुक्मिणी परबांचा संसार गुप्त्यांच्या बरोबर खाली, तळमजल्यावर. नवरा दत्ताराम गिरणीत होता. संपात गिरणी गेली तेव्हापासून तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मिळेल त्या कारखान्यात मिळेल ते काम करत होता. रुक्मिणी सोसायटीतल्या चार घरी पोळ्या करत असे, पण बोलताना कोणाचीही भीड ठेवत नसे.

"गुप्तेभावोजी," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या नव्या सिंहासनातला पाणी आमच्या डोक्यार गळता हा."

प्लंबर पुन्हा आला. ते सगळं आवरेपर्यंत बाई येऊन ठेपल्या.

बिर्गिटबाई ज्या दिवशी आल्या त्या दिवशी नवचैतन्य सोसायटीच्या फाटकात एरवी कधी न दिसणारी तरुण मंडळी भांग पाडून उभी होती. टॅक्सीतून उतरल्या त्या साठी ओलांडलेल्या, सहा फुटाला जरा कमी, कपाटाएवढ्या खांद्यांच्या एक निवृत्त कवायत-शिक्षिका. त्यांनी पाठीवरचं भलंमोठं बोचकं स्वतःच उचललं, मदतीला धावलेल्या देवधरांचा हात इतक्या प्रेमाने दाबला की देवधर आठवडाभर डाव्या हाताने सह्या करत होते, आणि जिना चढून गेल्या. मंडळी पांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्त्यांनी न्हाणीघराचं दार उघडून, एखाद्या शिल्पाचं अनावरण करावं तसा तो कमोड दाखवला. बाईंचा चेहरा पडला.

"हा तर आमच्याकडेही असतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी इथलं आयुष्य शिकायला आलेय, नंदकुमार. इथले लोक वापरतात तो कुठे आहे?"

तो खाली परबांकडे होता. झालं. रोज सकाळी खांद्यावर टॉवेल, हातात डबा आणि ओठांवर हसू घेऊन डेन्मार्कच्या बिर्गिटबाई पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर उतरत, वाटेत भेटेल त्याला नमस्कार करत, आणि रुक्मिणीच्या दारात आपली पाळी येईपर्यंत तिच्याशी गप्पा मारत उभ्या राहत. सोसायटीत बोललं जाऊ लागलं की गुप्त्यांनी परदेशी पाहुणीला साधा संडाससुद्धा वापरू दिला नाही. गुप्ते प्रत्येकाला हात धरून वर नेत आणि कमोड दाखवत. लोक तो बघत, मान डोलवत आणि जाताना म्हणत, "हो, पण देत नाही ना वापरायला?"

मराठी शिकवायचं काम गुप्त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. शुद्ध मराठी या विषयावर त्यांची स्वतःची मतं होती आणि ती ऐकून घेणारं माणूस त्यांना प्रथमच मिळत होतं. रोज संध्याकाळी ते विभक्तीपासून सुरुवात करत. बाई मन लावून ऐकत. महिना उलटला तरी बाईंच्या तोंडून एक षष्ठी धड बाहेर पडेना. आणि एक दिवस चहाचा कप पुढे करत त्या सहज म्हणाल्या, "उत्तरा, माका वायच साखर होयी गो."

गुप्त्यांच्या हातातलं व्याकरण गळून पडलं. बाई मराठी शिकल्या होत्या. रोज सकाळी, खाली, परबांच्या दारात उभ्या राहून शिकल्या होत्या. उत्तरा पदराआड तोंड लपवून हसायला आत पळाली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तोपर्यंत बाईंच्या परवानगीचं काम निघालं. पाड्यावर फुकट शिकवायला एवढी कसली परवानगी लागणार, अशा भ्रमात गुप्ते एका कचेरीत गेले. तिथे म्हणाले, बाई परदेशी आहेत, आमच्याकडे फक्त देशी अर्ज घेतात. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, पाडा झाडीत आहे, झाडांचं आमच्याकडे नाही. तिसऱ्या कचेरीतल्या साहेबांनी मात्र बसायला खुर्ची दिली.

"त्या भागात म्हशी आहेत," साहेब म्हणाले. "बाई दूध काढणार आहेत का?"

"नाही, शिकवणार आहेत."

"म्हशींना?"

"मुलांना!"

"मग आमच्याकडे कशाला आलात?" साहेब थोडे दुखावले. मग त्यांना शंका आली. "पगार कोण देणार?"

"पगार नाही. स्वयंसेवा आहे."

"पगार नाही, तर त्या काम का करतायत?"

चोवीस वर्षांच्या सरकारी नोकरीत हा प्रश्न गुप्त्यांनाही कधी सुटला नव्हता. साहेबांनी अर्थपूर्ण मान हलवली, बाईंचा कागद एका जाड फायलीत घातला आणि म्हणाले, "वर विचारावं लागेल." वर कोण होतं ते गुप्त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. त्यांची वर्षाची किरकोळ रजा मात्र त्यात संपली.

आणि इकडे बाई घरात बसून होत्या. बसणं म्हणजे काय हे ज्यांनी बिर्गिटबाईंना बसलेलं पाहिलंय त्यांनाच कळेल. त्या खुर्चीत अशा बसत की आत्ता कोणीतरी शिट्टी वाजवेल आणि धावायचं आहे. त्यांनी उत्तराची भांडी घासली, गाद्या उन्हात टाकल्या, सासूबाईंच्या ट्रंकेला रंग दिला. घर संपलं. तेव्हा त्या एका सकाळी हातात झाडू घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नंदकुमार, माका काम होया. बसान बसान हाडां दुखतत."

"दोन दिवसांत परवानगी येतेय," गुप्ते म्हणाले. हे ते दोन महिने म्हणत होते.

"येवंदे. तवसर मी जिनो धुतंय."

नवचैतन्य सोसायटीचा जिना त्याआधी कोणी धुतला असेल तर तो गवंड्याने. कोपऱ्याकोपऱ्यांत पान खाणाऱ्यांच्या पिढ्यांनी केलेली रंगरंगोटी होती. बाईंनी धुण्याचा सोडा, काथ्या आणि डॅनिश गाणी यांच्या साहाय्याने वरच्या मजल्यापासून घासायला सुरुवात केली. ऑफिसला निघालेली मंडळी धोतरं, पँटी आणि साड्या वर उचलून, बाईंना ओलांडून जाऊ लागली. कोणाला संकोच वाटला असेल तर तो दिसला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून लोक कचऱ्याचे डबे बाईंच्या वाटेत आणून ठेवू लागले.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचा झाडूवाला गुणाजी आला, चकचकीत जिना बघून खूश झाला आणि म्हणाला, "बाईंनी धरलंय ना काम? मग मी मुलुंडची एक सोसायटी बघितलीय, ती धरतो." आणि गेला तो गेलाच.

देवधर तडक गुप्त्यांकडे आले. "गुप्ते, तुमच्या मड्डमने आमचा झाडूवाला घालवला."

"मी काय करू?"

"तिला आवरा. पाहुण्या बाईने जिना घासायचा म्हणजे सोसायटीची शोभा आहे हो. माझे मेव्हणे आले असते तर?"

"मग तुम्ही घासा."

"मी सेक्रेटरी आहे," देवधर म्हणाले, आणि हा मुद्दा बिनतोड असल्यामुळे गप्प बसले.

बाईंनी मात्र मार्ग काढला. रविवारी सकाळी त्या दारोदार जाऊन कडी वाजवू लागल्या. "चला, खाली येवा. सगळ्यांनी मिळान करूया." डेन्मार्कात म्हणे हाक मारली की लोक येतात. नवचैतन्यमध्ये कडी वाजली की आतून रेडिओ बंद होई आणि बारीक आवाजात "घरी कोणी नाही" असं उत्तर येई. आले ते परब नवरा-बायको, उत्तरा, आणि पाहुणी आपली म्हटल्यावर दुसरा इलाजच नसलेले गुप्ते. पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, दोन ठिकाणी जाळी झालेला बनियन आणि डोक्यावर घमेलं अशा थाटात त्यांनी मागच्या गटाराचा गाळ वाहिला. बाईंनी मोठ्या कौतुकाने त्यांचे फोटो काढले. फोटो म्हटल्यावर गुप्त्यांनी पोट आत घेतलं आणि चेहऱ्यावर सेवाभाव आणला. तो फोटोत भुकेसारखा दिसतो हे त्यांना पुढे कळलं.

गटार झालं आणि बाईंचं लक्ष वर गेलं. गच्चीवर पाण्याची टाकी होती. दर वर्षी सर्वसाधारण सभेत देवधर अहवालात "टाकी स्वच्छ करण्यात आली" असं खणखणीत आवाजात वाचत आणि सभासद टाळ्या वाजवत. बाई टाकीवर चढल्या. झाकण निघेना. खालून दत्तारामने पहार दिली. बाईंनी झाकण उचकटलं, आत वाकून पाहिलं, आणि मग जिन्याच्या तोंडाशी येऊन कवायतीच्या मैदानावर कमावलेल्या आवाजात त्यांनी चारही मजल्यांना हाक दिली:

"अहो, टाकयेत पारवो मेलेलो आसा! ह्यां पाणी तुमी पितास?"

पुढच्या तासाभरात नवचैतन्य सोसायटीत जे झालं त्याचं वर्णन जेवणाऱ्या वाचकांसाठी टाळलेलं बरं. पारव्याखेरीज टाकीत एक चप्पल, बरेच क्रिकेटचे चेंडू आणि गुडघाभर गाळ निघाला. दुधाच्या केंद्रावरचं दूध संपलं, नारळवाल्याचे नारळ संपले. देवधर धीराने म्हणाले, "पारवा बाहेरचा आहे. आपल्या सोसायटीतला नाही." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

टाकी साफ झाली. पाणी काचेसारखं यायला लागलं. आणि त्याच दिवसापासून सगळी सोसायटी गुप्त्यांशी बोलायची बंद झाली. ते जिन्यात दिसले की लोक भिंतीकडे बघत. इतकी वर्षं ते पाणी पिऊन कोणाला काही झालं नव्हतं, आता नुसत्या आठवणीने पोटं बिघडली होती, आणि ती गुप्त्यांमुळे बिघडली होती.

मे महिन्याच्या सुरुवातीला देवधरांनी खास सभा बोलावली. विषय एकच: 'पाहुण्यांबाबत धोरण'. गच्चीत सतरंज्या पडल्या. गुप्ते इस्त्रीचा सदरा घालून, बचावाचं भाषण पाठ करून आले होते. ते उठणार इतक्यात बिर्गिटबाईच उठल्या. त्यांच्या हातात एक गुळगुळीत मासिक होतं आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"माझ्या संस्थेन तुमचे फोटो छापल्यानी," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवतंय."

परदेशी मासिकात आपली सोसायटी छापून आली म्हटल्यावर सभेचा नूर पालटला. मागचे लोक पुढे सरकले. देवधरांनी कॉलर नीट केली. गुप्त्यांना वाटलं, आता खरा दिवस उगवला. लेख डॅनिशमध्ये होता. बाई तो वाचता वाचता सरळ मालवणीत सांगू लागल्या, त्यामुळे मध्ये कोणाला सावरून घ्यायला जागाच राहिली नाही.

"मुंबयच्या भायर एक जुनी इमारत आसा. थयसर ही गरीब माणसां ऱ्हवतत."

"कोण माणसं?" देवधरांनी विचारलं.

"तुमी," बाई प्रेमाने म्हणाल्या आणि पान उलटलं. "ह्येंका पियाक पाणी नाय. होता त्येच्यात पारवो होतो. जिनो झाडूक माणूस नाय. ह्यो नंदकुमार. ह्येच्या अंगार धड बनियान नाय. वय पंचेचाळीस, दिसता साठ. पण डोळ्यांत आशा आसा."

सगळ्या सभेने वळून गुप्त्यांच्या डोळ्यांत आशा आहे का ते पाहिलं. तिथे फक्त पाणी होतं.

मग जो गोंधळ झाला तो न भूतो न भविष्यति. "आम्ही गरीब? माझ्याकडे स्कूटर आहे!" "आमच्याकडे रंगीत टीव्ही आहे!" "हा राष्ट्राचा अपमान आहे!" देवधरांनी तिथल्या तिथे ठराव मांडला की बाईंनी आठ दिवसांत सोसायटी सोडावी, डेन्मार्कने माफी मागावी, आणि गुप्त्यांनी गच्चीवर येऊ नये. गुप्ते उभे राहिले. "माझा बनियन जाळीचा असेल," ते म्हणाले, "पण तो मी स्वतःच्या कमाईचा..." इथे कोणीतरी पंखा वाढवायला सांगितलं. गच्चीत पंखा नव्हता, तरीही सांगितलं.

बिर्गिटबाई गोंधळून बघत होत्या. सगळे का ओरडतायत हे त्यांना कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "माका वाटला, तुमका आनंद होतलो. थयल्या बायकांनी तुमच्यासाठी कपडे धाडल्यानी हत. पेटयो भरान. बोट गोदयेक लागली पण."

खाली रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटी ऐकू आली.

"कसले कपडे?" देवधरांनी हळूच विचारलं.

"स्वेटर. कोट. लोकरीचे."

"म्हणजे," देवधर पुढे सरकले, "इम्पोर्टेड?"

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. जाताना देवधरांनी बाईंना जिन्यात हात दिला. पुन्हा उजवाच.

पण पेट्या गोदीतून सुटेनात. देवधर आणि गुप्ते चकरा मारून आले. (गुप्त्यांना जायचं नव्हतं, पण पत्त्यावर पहिलं नाव त्यांचंच होतं.) तिथे कळलं की कपडे खरोखरच निराधार लोकांसाठी असतील तरच जकात माफ होते, आणि लोक निराधार आहेत की नाहीत हे बघायला एक अधिकारी जातीने येणार आहेत.

"मग सोपं आहे," देवधर परतताना बसमध्ये म्हणाले. "एक दिवस गरीब दिसायचं."

"मी असलं काही करणार नाही," गुप्ते म्हणाले. "मी त्या दिवशी ठणकावून सांगणार, आम्ही सुखवस्तू माणसं आहोत."

"गुप्ते, तुम्ही दार लावून आत बसा. तुमच्या तत्त्वांपायी दुसऱ्यांचे कोट घालवू नका."

तपासणीच्या दिवशी सोसायटी अशी सजली की काय सांगावं. स्कूटर पहाटेच जुहूला कोणाच्या तरी भावाकडे गेल्या. रंगीत टीव्हींवर चादरी टाकून वर देव मांडले गेले. बायकांनी बांगड्या उतरवून तांदळाच्या डब्यात लपवल्या. देवधरांनी फ्रिजला चारी बाजूंनी जुनी कॅलेंडरं चिकटवून त्याचं कपाट केलं, दाढी वाढवली, आणि आदल्या दिवसापासून खोकल्याची तालीम घेतली. मेव्हण्यांना कळवलं की आज येऊ नका.

या सगळ्यात सामील झाली नाही ती एकटी रुक्मिणी. जिच्याकडे खरंच काही नव्हतं तिने सकाळी उठून घर सारवल्यासारखं पुसून काढलं, दाराला तोरण लावलं, लग्नातलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "माझ्या घराक कोण गरीब म्हणात तेका मी बघून घेतंय."

अधिकारी आले. मध्यम वयाचे, थकलेल्या चेहऱ्याचे, हातात छत्री असलेले गृहस्थ. तळमजल्यावरचं पहिलं दार परबांचं. रुक्मिणीने त्यांना पाटावर बसवलं, सोलकढी दिली, खोबऱ्याची वडी दिली, आणि आमचं कसं छान चाललंय ते अर्धा तास सांगितलं. ते बाहेर आले ते खूश होऊन. "इथे तर काही कमी दिसत नाही," ते म्हणाले. 

पहिल्या मजल्यावर गुप्त्यांचं दार आतून बंद होतं, म्हणून दुसरं दार त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या देवधरांचं. देवधर इतके मनापासून खोकले की खरा ठसका लागला. अधिकारी घाबरले, पाणी शोधू लागले, आणि नेमकं त्याच वेळी ते कॅलेंडर लावलेलं कपाट घुर्र आवाज करून थरथरलं. त्यांनी दार उघडलं, आतली थंडगार बाटली काढली, देवधरांना पाणी पाजलं आणि शांतपणे दार लावलं. "छान आहे," ते म्हणाले. "कितीचा आहे?"

अधिकारी जिना उतरायला लागले. पेट्या हातच्या गेल्या. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि इतका वेळ आत धुमसत असलेले गुप्ते बाहेर आले. अंगात इस्त्रीचा सदरा, गळ्यात लग्नातला टाय.

"या साहेब," ते म्हणाले. "या इमारतीत सगळी सोंगं बघितलीत. आता एक स्वाभिमानी, सुसंस्कृत, सुखवस्तू घर बघून जा. आम्हाला कोणाच्या जुन्या कपड्यांची गरज नाही!"

वरून देवधरांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. अधिकारी आत शिरले. गुप्त्यांनी त्यांना सोफ्यावर बसवलं. सोफ्याने त्यांना आत घेतलं. मग गुप्त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. शोकेसमधल्या कपबश्या दाखवल्या, ज्या फक्त दाखवायच्या होत्या. खात्याने वीस वर्षांच्या सेवेबद्दल दिलेलं घड्याळ दाखवलं, जे हलवलं की चालत असे. पुढच्या वर्षी घ्यायच्या टीव्हीची जागा दाखवली. तिथे मुद्दाम विणलेला रुमाल पसरून ठेवला होता. उत्तराने आतून पोहे आणले. आपण कोकणात जागा घेणार होतो, दोनदा घेणार होतो, तेही गुप्त्यांनी सांगितलं.

साहेब सुरुवातीला "वा, वा" म्हणत होते. हळूहळू त्यांनी ते म्हणणं सोडलं. टीव्हीच्या त्या रिकाम्या रुमालाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"किती वर्षं झाली नोकरीला?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"चोवीस! कायम नोकरी आहे. हेडक्लार्क."

साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. सोफ्यातून कसेबसे उठले. गुप्त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे आहे, गुप्तेसाहेब," ते म्हणाले. "मला बाकीची घरं बघायची गरज नाही." आणि तिथेच, उभ्या उभ्या, पेट्या सोडायच्या कागदावर त्यांनी सही केली.

दोन दिवसांनी पेट्या आल्या. त्याच आठवड्यात पाड्याची परवानगीही आली. 'सदर परदेशी महिलेस दूध काढण्यास हरकत नाही' असं तिच्यावर लिहिलं होतं. बिर्गिटबाईंनी तेवढ्यावर भागवायचं ठरवलं, पाठीवर बोचकं चढवलं आणि निरोप घेताना म्हणाल्या, "हयसरचा काम झाला, नंदकुमार. आता जरा बऱ्या माणसांत जातंय." रुक्मिणी त्यांना बसपर्यंत सोडायला गेली. तिने पेट्यांतलं एक चिंधूकसुद्धा घेतलं नव्हतं.

गच्चीत वाटप झालं. मेच्या उन्हात, डांबर वितळत असताना, नवचैतन्य सोसायटी लोकरीचे स्वेटर एकमेकांच्या हातांतून ओढत होती. देवधरांना फरची टोपी मिळाली, ती ते कानावरून काढायला तयार नव्हते. मग त्यांनीच सूचना मांडली की ज्यांच्या घरामुळे हे शक्य झालं त्या गुप्त्यांचा मान पहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सोसायटीत गुप्त्यांसाठी टाळ्या वाजल्या त्या पहिल्यांदाच. गुप्ते उठले नाहीत. उत्तरा उठली.

संध्याकाळी ते त्या सोफ्यावर बसून होते, म्हणजे सोफ्याच्या आत होते. बराच वेळ त्यांनी खोलीवरून नजर फिरवली.

"उत्तरा," ते शेवटी म्हणाले, "खरं सांग. आपलं घर बघून कोणाला तसं वाटेल का गं?"

उत्तरा आरशासमोर उभी होती. अंगात घोट्यापर्यंतचा, जाड, निळा, डॅनिश कोट. कपाळावरून घाम ओघळून पापणीवर आला होता, तो पुसायला हात बाहेर काढावा लागला असता, म्हणून ती तशीच उभी होती.

"खांद्यात जरा सैल आहे," ती वळून म्हणाली. "पण उठून दिसतो ना हो?"